पावणेतीन एकरांचा प्रश्न

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा लेकीकडे कॅलिफोर्नियात राहून आलेले आपल्याकडचे आई-वडील परतल्यावर पुष्कळ काही सांगतात. रुंद रस्ते, पुस्तकांनी भरलेली ग्रंथालये, मंडळाचा गणपती, रांगेत निमूटपणे उभी राहणारी माणसे. हे सगळे सांगून झाले की आवाज थोडा खाली येतो आणि ते म्हणतात, ‘‘पण तिथंही फुटपाथवर माणसं झोपतात हो! बागेत तंबू ठोकून राहतात.’’ हे सांगताना स्वरात आश्चर्य असते, हळहळ असते आणि खरे बोलायचे तर किंचित समाधानही असते. आपल्या दारिद्र्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घेतलेल्या माणसाला तेवढे समाधान वाटले तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. पण समाधानापाशी विचार थांबतो. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या एका सुशिक्षित, सुसंस्कृत, पुरोगामी म्हणवणाऱ्या गावात बागेत माणसे का राहतात, आणि त्यांचे काय करावे यावर ते गाव इतकी वर्षे का भांडते आहे, हा प्रश्न आपणही नीट समजून घेण्याजोगा आहे. त्यात आपले प्रतिबिंब दिसण्याचा संभव आहे.

हे गाव म्हणजे बर्कली. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, टेकड्यांच्या उतारावर वसलेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सर्वांत जुने आवार इथे आहे. विद्यार्थी पंचेचाळीस हजारांच्या आसपास आणि गावाची लोकवस्ती सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे विद्यापीठ हाच गावाचा प्राण. साड्यांची दुकाने आणि भारतीय खाद्यपदार्थ मिळणाऱ्या युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूमुळे आपल्या मंडळींनाही हे गाव परके वाटत नाही. विद्यापीठाच्या आवारापासून दक्षिणेला चार पावले गेले, की टेलिग्राफ अॅव्हेन्यूच्या मागे जेमतेम पावणेतीन एकरांचा एक तुकडा लागतो. त्याचे नाव पीपल्स पार्क, म्हणजे लोकांचे उद्यान. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, याचा निकाल पन्नास वर्षांहून अधिक काळ लागलेला नाही.

एका मैदानाचा इतिहास

१९६७ साली विद्यापीठाने ही जागा सक्तीने संपादन करण्याचे ठरवले. तिथे जुनी लाकडी घरे होती, त्यांत भाड्याने राहणारी माणसे होती. १९६८ मध्ये घरे पाडण्यात आली. वसतिगृह बांधायचे होते. पण पैसे संपले आणि जागा चिखलाने व टाकलेल्या मोटारींनी भरून गेली. १९६९ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थी, रहिवासी आणि त्या काळचे हिप्पी यांनी एकत्र येऊन तिथे गवत, फुलझाडे लावली आणि ते लोकांचे उद्यान असल्याचे जाहीर केले. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीने वातावरण आधीच तापलेले होते. १५ मे १९६९ च्या पहाटे पोलिसांनी उद्यानाला तारेचे कुंपण घातले. दुपारी हजारोंचा जमाव तिकडे निघाला आणि गोळीबार झाला. गच्चीवरून पाहत उभा असलेला जेम्स रेक्टर हा पंचवीस वर्षांचा तरुण त्यात जखमी होऊन चार दिवसांनी मरण पावला. दुसऱ्या एकाची दृष्टी कायमची गेली. शंभराहून अधिक लोक जखमी झाले. राज्याचे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. त्यांनी गावात नॅशनल गार्डचे सैनिक उतरवले आणि काही दिवसांनी विद्यापीठाच्या आवारावर हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडण्यात आला.

ज्या जागेवर रक्त सांडते, ती जागा साधी जागा राहत नाही. विद्यापीठाने जमिनीची मालकी सोडली नाही आणि लोकांनी ताबा सोडला नाही. १९९१ मध्ये विद्यापीठाने तिथे व्हॉलीबॉलची मैदाने आखली, तेव्हाही दंगल झाली. काही वर्षांत ती मैदाने उखडली गेली. या सगळ्या काळात उद्यानातली माणसे मात्र बदलत गेली. क्रांतीची गाणी म्हणणारे पदवीधर होऊन निघून गेले आणि ज्यांना कुठेच जायचे नव्हते, ते उरले. वापरलेले कपडे ठेवायची पेटी, स्वयंसेवकांनी वाढलेले फुकट जेवण, एक सार्वजनिक संडास आणि कुणी हटकणार नाही याची थोडीशी खात्री. बेघर माणसाला आणखी काय हवे असते? चळवळीचे स्मारक हळूहळू निराधारांची धर्मशाळा झाले. त्या धर्मशाळेला छप्पर मात्र नव्हते.

२०२१ मध्ये विद्यापीठाने नवी योजना मंजूर केली. सुमारे अकराशे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह, त्याच जागेत बेघरांसाठी शंभराहून अधिक कायमची घरे, आणि निम्म्याहून अधिक जागा मोकळी, स्मारकासह. कागदावर पाहिले तर याहून समंजस तोडगा सापडणे कठीण. २०२२ मध्ये उद्यानात राहणाऱ्यांना भाड्याने घेतलेल्या एका मोटेलमध्ये खोल्या देऊ करण्यात आल्या आणि बरेच जण तिकडे गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये झाडे तोडायला सुरुवात होताच निदर्शकांनी कुंपण मोडले आणि काम थांबले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की राज्याच्या पर्यावरण कायद्यानुसार विद्यापीठाने दोन गोष्टींचा पुरेसा विचार केलेला नाही: पर्यायी जागांचा आणि विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचा. धूर आणि सांडपाणी मोजण्यासाठी केलेल्या कायद्याने तरुणांच्या हसण्याबोलण्याचेही मोजमाप करायचे ठरवले! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा बदलून ही वाट बंद केली. ४ जानेवारी २०२४ च्या मध्यरात्री शेकडो पोलिसांच्या बंदोबस्तात उद्यान रिकामे करण्यात आले आणि त्याभोवती मालवाहू जहाजांवरचे दीडशेहून अधिक पोलादी कंटेनर एकावर एक रचून भिंत उभी करण्यात आली. जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला आणि त्या उन्हाळ्यात बांधकामाला सुरुवात झाली.

तिन्ही बाजू खऱ्या

या वादात एक बाजू दुष्ट आणि दुसरी सज्जन असती तर लेख लिहिण्याची गरजच नव्हती. अडचण अशी, की यात उतरलेल्या प्रत्येकाजवळ सत्याचा एक तुकडा आहे.

शेजाऱ्यांचे म्हणणे पाहा. बाग ही ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांची असते. म्हाताऱ्यांना बसायला बाक हवा, मुलांना पळायला गवत हवे. तिथे सुया पडलेल्या असतील, आडोशाला विष्ठा असेल, रात्री भांडणाचे आवाज येत असतील, तर ती बाग कागदावर सार्वजनिक असली तरी व्यवहारात कुणाची उरत नाही. रात्री ग्रंथालयातून परतणाऱ्या मुलीने तो रस्ता टाळला, तर तिला कुणी निर्दय म्हणू नये. आणि या भीतीचा सर्वांत मोठा भार तंबूत राहणाऱ्यांवरच पडतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चोरी, मारहाण, अतिप्रसंग यांचे पहिले बळी तेच असतात. त्यांतही एकट्या बायका.

तंबूत राहणाऱ्यांचे म्हणणे त्याहून साधे आहे. माणसाला झोप लागते. झोपायला जागा लागते. खासगी जागेत प्रवेश नाही आणि सार्वजनिक जागेत परवानगी नाही, तर त्याने शरीर ठेवायचे कुठे? तंबू म्हणजे त्याचे दार असते, कुलूप नसलेले का होईना. दर काही आठवड्यांनी पालिकेची माणसे येतात, सामान उचलतात. त्या सामानात ओळखपत्र जाते, औषधे जातात. ओळखपत्र गेले की घराचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. साफसफाईच्या नावाखाली माणूस एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो, एवढाच काय तो फरक. पीपल्स पार्कला भिंत पडल्यावर गावातल्या इतर बागांमधल्या तंबूंची तक्रार थांबली नाही, हे बर्कलीकरांनी पाहिलेच.

विद्यापीठाचे आणि विद्यार्थ्यांचे म्हणणेही खोटे नाही. राज्यातल्या या विद्यापीठाच्या आवारांपैकी बर्कलीइतक्या कमी प्रमाणात विद्यार्थ्यांना राहायला जागा देणारे दुसरे आवार नव्हते. जेमतेम चौघांतल्या एकाला. बाकीच्यांनी गावात भाड्याने राहायचे, आणि भाडे असे की एका खोलीत तिघे-चौघे. वर्षभरात कधी ना कधी बेघर झालेले विद्यार्थी शंभरात पाच, असे विद्यापीठाच्याच पाहणीत आढळले होते. कुणी मित्राच्या सोफ्यावर, कुणी मोटारीत. म्हणजे तंबूतला माणूस आणि वर्गातला मुलगा हे दोन वेगळ्या जातींचे प्राणी नव्हेत. दोघेही एकाच टंचाईचे बळी. आणि गावाने त्यांना एका तुकड्यासाठी समोरासमोर उभे केले!

मग चुकले कोण? उद्यान वाचवणाऱ्यांनी स्मृतीला माणसापेक्षा मोठे केले, असे म्हणावेसे वाटते. पावसात भिजणाऱ्या साठीच्या गृहस्थाला १९६९ चा इतिहास ऊब देत नाही. ‘तंबू हेच स्वातंत्र्य’ ही घोषणा देणारा रात्री स्वतःच्या घरी जाऊन झोपतो, तेव्हा त्या घोषणेत काहीतरी कमी पडते. उलट विद्यापीठालाही अचानक आलेला निवाऱ्याचा कळवळा शोभत नाही. अर्धशतक विद्यार्थी वाढवत राहायचे, त्यांच्या खोल्यांचा भार गावावर टाकायचा, आणि मग म्हणायचे की मार्ग एकच उरला आहे. पण या दोघांपेक्षा मोठा दोष ज्यांच्याकडे जातो, ते या भांडणात फारसे दिसतच नाहीत. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पायऱ्या काढून घेतलेला जिना

बेघर म्हटले की डोळ्यांसमोर व्यसनी किंवा मनोरुग्ण उभा राहतो. तो नसतोच असे नाही. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने मनोरुग्णांना सक्तीने डांबून ठेवण्यावर कडक मर्यादा घालणारा कायदा केला. त्यावर सही होती याच रेगन यांची. हेतू चांगला होता. रुग्णालयाच्या कोठड्यांऐवजी वस्तीतल्या दवाखान्यांत उपचार व्हावेत, अशी कल्पना होती. कोठड्या रिकाम्या झाल्या, दवाखाने पुरेसे निघालेच नाहीत.

पण एवढ्याने उलगडा होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये राज्यभरातल्या सुमारे ३,२०० बेघरांची पाहणी प्रसिद्ध केली. चांगले हवामान आणि मोफत सोयी यांसाठी देशभरातून लोक कॅलिफोर्नियात येऊन पडतात, हा तिथला लाडका समज. पाहणीत आढळले, की शंभरातल्या नव्वदांनी आपले शेवटचे घर कॅलिफोर्नियातच गमावले होते आणि पंचाहत्तर जण त्याच जिल्ह्यात राहत होते. एकट्या बेघरांपैकी निम्म्याच्या आसपास पन्नाशी ओलांडलेले होते, आणि त्यांतले बरेच पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच बेघर झाले होते. घर सुटण्याआधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या घरातले मधले मासिक उत्पन्न होते ९६० डॉलर. तिथल्या एका खोलीचे भाडेही त्यात निघत नाही. महिन्याला तीनशे ते पाचशे डॉलरची मदत मिळाली असती तर घर टिकले असते, असे बहुतेकांनी सांगितले. नियमित अमली पदार्थ घेणारे सुमारे एकतृतीयांश होते. ही संख्या लहान नाही. पण ते सगळे आधी व्यसनी आणि मग बेघर झाले, असेही नाही. वर्षभर रस्त्यावर झोपून पाहिल्याशिवाय त्या नशेचा न्याय करू नये.

अमेरिकेतच अशी राज्ये आहेत, जिथे दारिद्र्य आणि व्यसने कॅलिफोर्नियापेक्षा जास्त आहेत, पण बेघर कमी. कारण तिथे भाडे कमी आहे. खुर्च्या कमी पडल्या की खाली कोण राहणार हे दुबळेपणावर ठरते; पण कुणीतरी खाली राहणार, हे खुर्च्यांच्या संख्येवरच ठरलेले असते. संगीतखुर्चीत लंगडणाऱ्या मुलाला दोष देण्यासारखे हे आहे.

खुर्च्या कमी कुणी केल्या? याचे उत्तर बर्कलीच्याच दप्तरात आहे. १९१६ मध्ये या गावाने काही भागांत केवळ एका कुटुंबाचे एकच घर बांधता येईल, असा नियम केला. देशात असा नियम करणाऱ्या पहिल्या गावांपैकी बर्कली एक. वरकरणी तो नगररचनेचा नियम होता. परिणाम असा झाला, की ज्यांना अख्खे घर परवडत नाही त्यांना, म्हणजे गरिबांना, कृष्णवर्णीयांना, आशियाई लोकांना त्या भागांत शिरकाव राहिला नाही. १९७३ मध्ये ‘शेजार जपण्यासाठी’ आणखी एक नियम झाला आणि बांधकाम जवळजवळ थंडावले. ज्या गावाने व्हिएतनाममधल्या माणसासाठी लाठ्या खाल्ल्या, त्याच गावाने आपल्या गल्लीत तीन मजली इमारत नको म्हणून अर्ज केले. जुन्या घरांच्या किमती वाढत गेल्या आणि घरमालक काहीही न करता श्रीमंत होत गेले. नगर परिषदेने हा जुना नियम मोडीत काढण्याचा ठराव केला तो २०२१ मध्ये, म्हणजे एकशे पाच वर्षांनी. त्यानंतरच्याच वर्षी शेजाऱ्यांच्या एका दाव्यामुळे विद्यापीठाच्या सुमारे तीन हजार जागा कमी होण्याची वेळ आली आणि विधिमंडळाला घाईने कायदा करून ती टाळावी लागली. दाव्यातला युक्तिवाद असा, की विद्यार्थी वाढणे हा पर्यावरणावरचा आघात आहे.

जे बर्कलीत नियमांनी झाले, ते खाडीपलीकडे बुलडोझरने झाले. सॅन फ्रान्सिस्कोत पूर्वी खोलीवार भाड्याने राहायची साधी हॉटेले होती. एक खाट, एक बेसिन, संडास सामायिक. गोदीवरचे मजूर, खलाशी, एकटे म्हातारे तिथे आयुष्य काढत. इंटरनॅशनल हॉटेल हे त्यांपैकीच एक. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे तिथल्या वृद्ध फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना शेकडो पोलिसांनी बाहेर काढले. रस्त्यावर हजारो लोक हात गुंफून उभे होते. अशी कितीतरी हॉटेले त्या काळात शहर-सुधारणेच्या नावाखाली गेली. गरिबाला वर चढायचा जिना असतो, त्याच्या खालच्या दोन-तीन पायऱ्या अशा काढून घेतल्या गेल्या. खालची पायरी घाण होती, कोंदट होती, यात वाद नाही. ती नसली तर माणूस थेट जमिनीवर येतो, हे लक्षात यायला मध्ये काही वर्षे गेली.

मुंबईकराला हे चटकन कळावे. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी, खाणावळीच्या आधारावर उभे राहिलेले संसार, पुण्यात कॉटबेसिसवर राहून शिकलेली एक अख्खी पिढी. या आपल्या खालच्या पायऱ्या होत्या. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पण त्यांच्यामुळे कित्येक जण रस्त्यावर येण्यापासून वाचले, हे विसरू नये.

दोन न्यायालये

बागेत झोपणे हा गुन्हा ठरू शकतो का? अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो ऑरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास या छोट्या गावामुळे. तिथे बागेत पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला २९५ डॉलर दंड होता. पुन्हा सापडल्यास बागेत यायला बंदी, ती मोडल्यास तुरुंग. पश्चिमेकडच्या राज्यांवर अधिकार असलेल्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये एका वेगळ्या खटल्यात सांगितले होते, की निवाऱ्यात जागा नसताना बाहेर झोपणाऱ्याला शिक्षा करणे हे राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेल्या क्रूर शिक्षेत मोडते. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा विचार फेटाळला. बहुमताचे म्हणणे असे, की शिक्षा कृतीला आहे, अवस्थेला नाही. आणि एवढ्या गुंतागुंतीच्या प्रश्नाची धोरणे न्यायाधीशांनी ठरवू नयेत. अल्पमताचे उत्तर असे, की झोप ही शरीराची गरज आहे आणि ज्याला दुसरी जागाच नाही त्याच्या बाबतीत कृती आणि अवस्था वेगळ्या करता येत नाहीत. महिन्याभरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तंबू हटवण्याचा आदेश काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये बर्कलीच्या नगर परिषदेनेही, निवारा देऊ करता आला नाही तरी काही परिस्थितींत तंबू हटवता येतील, असे धोरण स्वीकारले. चळवळींच्या गावाने अखेर इतर गावांचाच रस्ता धरला. जुलै २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने या धोरणाला आणखी कठोर वळण दिले: रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणि व्यसनींना सक्तीने संस्थांमध्ये ठेवण्यावर भर, आणि आधी घर देण्याच्या धोरणाला असलेला सरकारी पाठिंबा काढून घेणे.

हा सगळा युक्तिवाद वाचताना आपल्याला मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवरच्या रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे या निकालाने कायमचे नोंदवले. माणूस फुटपाथवर हौसेने राहत नाही, कामाच्या जवळ राहतो. तिथून हटवणे म्हणजे त्याची भाकरी हिसकावणे, हे न्यायालयाने मान्य केले. आणि त्याच निकालाने असेही सांगितले, की फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणाला नाही. नोटीस देऊन हटवता येईल, मात्र पावसाळा सरल्यावर.

दोन देश, दोन न्यायालये, दोन भाषा. आपल्या न्यायालयाची भाषा करुणेची, त्यांची कोरडी. पण जमिनीवर काय उतरले, ते पाहिले तर अंतर वाटते तेवढे मोठे नाही. करुणेच्या निकालानंतरही फुटपाथवरच्या माणसाला पर्यायी घर हा हक्क म्हणून मिळाला नाही. मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे शंभर जणांसाठी निवारा हा निकष आपल्या सरकारी योजनेत आला. तो किती शहरांनी मनापासून पाळला, ते रात्री कोणत्याही मोठ्या स्थानकाबाहेर चक्कर मारली की कळते. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांच्या वर बेघर मोजले गेले, त्यांत महाराष्ट्रातले २ लाखांहून अधिक. अमेरिकेत जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या गणतीत ७ लाख ७१ हजार. लोकसंख्येच्या मानाने त्यांचे प्रमाण आपल्यापेक्षा जास्त भरते! पण हुरळून जाऊ नये. त्यांच्या आकड्यात निवाऱ्यात झोपणारेही धरलेले आहेत, आणि आपल्या आकड्यात झोपडीतले कोट्यवधी नाहीत. पत्रा आणि ताडपत्री यांना आपण घर म्हणतो, म्हणून ते बेघर ठरत नाहीत.

आणि शेजार जपण्याची बर्कलीची कला आपल्यालाही अवगत आहे. ‘अविवाहितांना जागा दिली जाणार नाही’ अशी सूचना, आडनाव ऐकून बंद होणारे दार, सोसायटीच्या मागे पुनर्वसनाची इमारत नको म्हणून होणाऱ्या सभा, बागेच्या बाकावर कुणी आडवे होऊ नये म्हणून मध्ये बसवलेली लोखंडी दांडी. ही सगळी त्याच १९१६ च्या नियमाची मराठी भाषांतरे आहेत.

मग करायचे काय?

बागेत तंबू राहू द्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. बाग ही राहण्याची जागा नव्हे. तिथे कुणाला राहू देणे हे औदार्य नसून जबाबदारी टाळणे आहे. पण हटवण्याआधी माणसाच्या हातात खोलीची किल्ली ठेवली पाहिजे, ही अट सोडता येणार नाही. किल्ली म्हणायचे, कारण निवाऱ्यातली खाट वेगळी. सकाळी बाहेर काढणारी, नवऱ्या-बायकोला वेगळे झोपवणारी, कुत्र्याला आणि बोचक्याला जागा नसलेली खाट बरेच जण नाकारतात, आणि मग ‘यांना मदत नकोच आहे’ असे म्हणायला आपण मोकळे. दार बंद करता येणारी खोली देऊ केली तर नाकारणारे फार थोडे निघतात. २०२२ मध्ये मोटेलच्या खोल्या दिल्यावर पीपल्स पार्कमधून बरेच लोक भांडण न करता गेले, हा अनुभव त्याच गावाचा आहे. बर्कलीतली बेघरांची संख्या २०२२ च्या गणतीत १,०५७ होती, ती २०२४ मध्ये ८४४ झाली. प्रश्न सुटला नाही. पण तो सुटण्याजोगा आहे, इतके तरी दिसले.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनने २०११ पासून आधी घर आणि मग उपचार हा क्रम धरला आणि तिथली बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक उतरली. ह्यूस्टन काही पुरोगामी म्हणून प्रसिद्ध नाही. तिथे घरे बांधणे सोपे आणि भाडे कमी आहे, हे त्यामागचे मोठे कारण. फिनलंडने २००८ पासून हाच मार्ग राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला आणि बरीच वर्षे संख्या खाली आणत नेली. दुसरीकडे अमेरिकेत भाड्यासाठी केंद्राच्या मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. उरलेली तीन रांगेत. त्या रांगेचे शेवटचे टोक बागेत येऊन पोचते.

यासाठी काही जणांना आपल्या सोयीचा थोडा भाग सोडावा लागेल, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विद्यापीठाने विद्यार्थी घेताना त्याच्या खाटेचा हिशेब स्वतःच्या वहीत मांडावा. घरमालकाने आपल्या गल्लीत चार बिऱ्हाडांची इमारत आली तर ती सहन करावी. चळवळीने झाड आणि माणूस यांत निवड करायची वेळ आली तर माणसाकडे पाहावे. आणि भाडे थकलेल्या कुटुंबाला महिन्याला काही शे डॉलर देणे हे त्याला नंतर पोलिस, इस्पितळ आणि कोर्ट यांच्यातून फिरवण्यापेक्षा स्वस्त पडते, हे करदात्यानेही समजून घ्यावे. यातले काहीही क्रांतिकारक नाही. कदाचित म्हणूनच ते होत नाही. क्रांतीसाठी जमणारी माणसे बांधकाम परवान्याच्या सुनावणीला येत नाहीत. तिथे येतात ते फक्त विरोध करणारे.

पीपल्स पार्कच्या पावणेतीन एकरांवर अखेर वसतिगृहाचे काम सुरू झाले. मूळ योजनेत त्याच्या शेजारी आणखी एक इमारत होती: ज्यांच्या नावाने सगळे भांडले, त्या बेघरांसाठी शंभराहून अधिक घरांची. ती बांधण्यासाठी निवडलेली पहिली संस्था मध्येच बाजूला झाली आणि विद्यार्थ्यांची इमारत पुढे निघाली. ती दुसरी इमारत उभी राहते की नाही, यावर या साऱ्या वादाचा खरा निकाल ठरेल. उभी राहिली, तर निदान एका गावाने विद्यार्थ्याला आणि निराश्रिताला एकाच अंगणाच्या दोन बाजूंना जागा दिली असे म्हणता येईल. नाही राहिली, तर पोलादी कंटेनरांची ती भिंत नेमकी कुणाला बाहेर ठेवण्यासाठी होती, हे कळायला न्यायालयाची गरज पडणार नाही.

आणि पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे जाऊन आलेल्या कुणी सांगितले, ‘‘तिथंही फुटपाथवर माणसं झोपतात हो,’’ तर त्यांना एवढेच विचारावे, की त्यातला ‘ही’ कुठून आला? तो आपल्याच दारातून तिकडे गेलेला असतो.